मॉनिटरवरची धूसर हालचाल आणि खोक्यावरचा ‘१ एमएस’

कोल्हापुरात राजारामपुरीत मॉनिटर बघायला गेलात तर खोक्यावरचा ‘१ एमएस’ (एक मिलिसेकंद) आधी दाखवतील. तो आकडा बहुतेकदा पिक्सेलला, म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याला, रंग बदलायला लागणारा वेळ सांगतो, तोही सगळ्यात सोयीच्या सेटिंगला मोजलेला. धूसरपणाचं मोठं कारण वेगळंच आहे. एलसीडी पडदा एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, पुढची येईपर्यंत तशीच धरून ठेवतो आणि आपला डोळा मात्र हलणाऱ्या वस्तूमागे सरकत राहतो, म्हणून चित्र फासल्यासारखं दिसतं. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलताना, फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते. सेकंदाला ९६० पिक्सेल सरकणारं अक्षर तिथे १६ पिक्सेल फासलं जातं, १२० हर्ट्झला ८, २४० ला ४. गेमने तेवढ्या फ्रेम दिल्या तरच, हे धरून चाला.

म्हणून आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालत असल्याचं अनेकदा इथेच सापडतं.

मग ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला लवकर रंग बदलायला लावणारा मॉनिटरच्या मेनूतला पर्याय. तो मधल्या पायरीवर ठेवा. सगळ्यात वरच्या पायरीला पिक्सेल हव्या त्या रंगाच्या पुढे जातो आणि वस्तूमागे उजळ शेपूट दिसते. व्हीए पॅनेलला (एलसीडीचाच एक प्रकार) काळ्या-करड्या छटा बदलायला जास्त वेळ लागतो, थंडीत आणखीच. डिसेंबरात सकाळी तपासणार असाल तर मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मग टेस्टयूएफओ ही धूसरपणा तपासायची वेबसाइट उघडा.

खरा फरक पडतो तो बॅकलाइट स्ट्रोबिंगने. मेनूत त्याला यूएलएमबी, डायॅक, एमपीआरटी अशी नावं असतात. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, प्रत्येक फ्रेमला क्षणभरच पेटतो; १ मिलिसेकंद पेटला तर सेकंदाला १००० पिक्सेलच्या वेगात धूसरपणा साधारण १ पिक्सेल उरतो. उजेड मात्र बराच घटतो. १४४ च्या मॉनिटरवर मी १२० च सुचवेन, कारण झोताआधी पिक्सेल स्थिरावायला जास्त वेळ मिळतो आणि वरच्या-खालच्या कडेची दुहेरी प्रतिमा फिकी पडते. गेमनेही १२० फ्रेम सलग दिल्या पाहिजेत. ६० दिल्या तर प्रत्येक फ्रेमवर दोन झोत पडून सगळंच दुहेरी दिसेल. वाचताना डोळे दुखत असतील तर स्ट्रोबिंग बंद ठेवा.

खासबाग मैदानातल्या कुस्तीच्या व्हिडिओत पैलवानाचे हातच फासलेले असतील तर ते शूटिंगच्या वेळचं आहे, मॉनिटरचं कुठलंही सेटिंग ते पुसणार नाही. पुढच्या वेळी कॅमेऱ्याचं शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. संध्याकाळच्या उजेडात त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढवावा लागेल.