पारदर्शक गिटार: सरकता पिकअप अखेर बोलला

मी ॲक्रिलिक या काचेसारख्या प्लास्टिकची इलेक्ट्रिक गिटार बनवतोय. मागच्या नोंदीपर्यंत बॉडी कापून झाली होती आणि पिकअपचं, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाचं, काम राहिलं होतं. आता तारा चढल्या, पहिला आवाजही आला. ब्रिजपासून (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) 45 मिलिमीटरवर असलेला पिकअप 100 मिलिमीटरवर नेला की हातात दुसरीच गिटार आहे असं वाटतं. तेच नॉब, तोच ॲम्प.

कल्पना कुठून आली ते नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो. 1969 मध्ये ॲम्पेग कंपनीने डॅन आर्मस्ट्राँगने रचलेली ॲक्रिलिक गिटार काढली. तिचं आरपार दिसणं सगळ्यांना माहीत आहे, पण मला खरी भुरळ घातली ती तिच्या पिकअपच्या खाचेने. एक पिकअप काढायचा, दुसरा आत सरकवायचा, स्क्रू हाताने आवळायचा, बस्स. तिचे पिकअप बिल लॉरेन्स या पिकअप बनवणाऱ्यासोबत तयार केलेले होते. पुढे सत्तरच्या दशकात गिब्सनच्या ग्रॅबर बास गिटारीत पिकअप नेक (गिटारीची मान) आणि ब्रिजच्या मधे पुढेमागे सरकवता यायचा. मला बदलणं आणि सरकवणं, दोन्ही एकाच गिटारीत हवं होतं.

पहिला पिकअप लिपस्टिक जातीचा केला. पन्नासच्या दशकात डॅनइलेक्ट्रो या गिटार कंपनीने चक्क लिपस्टिकच्या नळ्या पिकअपचं कव्हर म्हणून वापरल्या. त्यात नेहमीसारखं बॉबिन (तार गुंडाळायचं रीळ) नसतं आणि सहा पोल पीसही (प्रत्येक तारेखालचे धातूचे छोटे खांब) नसतात. अल्निको या चुंबकी मिश्रधातूची एक सपाट पट्टी, तिच्याभोवती तार आणि वर धातूची नळी. दिसायला सोपं, गुंडाळायला अवघड, कारण पट्टीच्या कडेवरून तार सतत घसरते.

तार 0.063 मिलिमीटरची. पहिली कॉइल 3,000 फेऱ्यांनंतर मल्टिमीटरला लावली तर सर्किट तुटलेलं. उलट सोडवत गेलो तेव्हा दोष सापडला: सुरुवातीचं टोक मॅग्नेटच्या कोपऱ्यावर कापलं गेलं होतं. दुसऱ्या वेळी चारही कोपरे बारीक पॉलिश पेपरने गोल केले, वरून टेपचा एक थर दिला, आणि बारीक तार बाहेर न आणता आतच जाड लवचीक वायरला सोल्डर केली. मग बोटांच्या चिमटीतून, कापसाच्या तुकड्यातून तार सोडत साधारण 5,000 फेरे. मीटरवर 4.1 किलोओहम. हा आकडा दिसला तेव्हा फार बरं वाटलं.

आता शील्डिंग, म्हणजे बाहेरची विद्युत खरखर अडवणारं धातूचं आवरण, ज्याने दोन रविवार घेतले. एरवी आपण पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवतो आणि वर पिकगार्ड बसवून मोकळे होतो. इथे बॉडी काचेसारखी, लपवणार कुठे? तेव्हा लक्षात आलं की लिपस्टिकची नळी स्वतःच शील्ड आहे. तिला ग्राउंडची वायर जोडली आणि खरखर जवळजवळ गेली. कंट्रोलसाठी मात्र छोटी धातूची डबी बसवावी लागली. ती दिसते, आणि मला ती दिसलेली आवडते. ट्रान्सफॉर्मरजवळ गेलं की येणारी खर्जातली गुणगुण मात्र नळीने थांबत नाही, कारण ते चुंबकीय क्षेत्र पातळ पितळेतून सरळ आत येतं. त्याला उपाय एकच, उलट ध्रुव आणि उलट गुंडाळीची दुसरी कॉइल. दुसरा लिपस्टिक तसाच करणार आहे, आणि डॅनइलेक्ट्रोसारखा पहिल्याशी सिरीजमध्ये (एकापाठोपाठ एक) जोडणार आहे.

सरकवण्याबद्दल एक गोष्ट स्वतः ऐकल्यावर पटली. माझी स्केल, म्हणजे मोकळ्या तारेची कंप पावणारी लांबी, 648 मिलिमीटर आहे. मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक (मूळ सुराच्या चौपट वारंवारतेचा उपस्वर) ब्रिजपासून 162 मिलिमीटरवर स्थिर असतो; अशा जागेला नोड म्हणतात. म्हणजे तिथला पिकअप त्याला ऐकतच नाही. म्हणून ‘नेक पिकअप नोडवरच हवा’ असं म्हणणारे खूप भेटतात. पण तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरची आडवी धातूची पट्टी) बोट ठेवलं की तारेची लांबी बदलते आणि नोडही सरकतो. माझी खाच 110 पर्यंतच आहे, तरी हे लगेच कळतं: प्रत्येक फ्रेटला स्वराचा रंग थोडा बदलत जातो. मला सध्या 70 मिलिमीटर सर्वांत गोड वाटतं, तारेपासून अंतर 3 मिलिमीटर. त्याहून जवळ नेला तर मॅग्नेट जाड तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेट्सवर सूर डळमळतो.

ॲक्रिलिकवर काम करणाऱ्यांनी एक सांभाळा. ड्रिल मंद चालवा, मधे थांबून पाणी टाका. वेग वाढला की भुसा वितळून बिटलाच चिकटतो आणि भोकाभोवती पांढुरक्या चिरा पडतात. माझ्या मागच्या बाजूला अशी एक चीर आहे. ती वाढतेय का हे पाहायला तिच्या टोकावर मार्करने खूण केली आहे, तीन आठवडे झाले, अजून तिथेच आहे.

पुढचा पिकअप रिकनबॅकर कंपनीच्या ‘फ्राइंग पॅन’ गिटारीतल्यासारखा करायचा आहे, ज्यात घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन मॅग्नेट तारांना वरून कवेत घेतात. 1930 च्या दशकातली ती रचना माझ्या खाचेत मावते का, हे पुठ्ठ्याचा नमुना कापून आज रात्री बघतो. उजव्या हाताचा तळवा ब्रिजवर टेकायला जागा उरली, तरच मॅग्नेट मागवेन.