नवी बॅटरी पुन्हा का बसते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न साधारण असा असतो : 'जुनी टूरिंग बाइक आहे. बॅटरी नवी घातली, दोन महिन्यांत परत बसली. आता रेग्युलेटर बदलू की स्टेटर?' चवथीच्या आसपास तो जास्त येतो. जूनपासून पडवीत उभी राहिलेली बाइक तेव्हा बाहेर निघते आणि सेल्फ नुसता 'टक्' म्हणतो.

उत्तर असं की अजून काहीच बदलू नका. पाच-सहाशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि मोजा. 'गेला' म्हणून काढून टाकलेल्या स्टेटरांपैकी, म्हणजे इंजिनात वीज तयार करणाऱ्या कॉइलींपैकी, बरेच धडधाकट असतात. जळालेला असतो तो वाटेतला कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग.

मी बोलतोय ते तीन फेजच्या सिस्टिमबद्दल. स्टेटरमधून तीन वायरी निघतात, बहुधा पिवळ्या. त्यांतून एसी येतो. रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे आरआर, त्याचा डीसी करतो आणि व्होल्टेज साडेचौदाच्या आत धरून ठेवतो. जुन्या बुलेटसारख्या गाड्यांत, जिथे हेडलाइट थेट एसीवर चालतो, तिथे खालचे आकडे जसेच्या तसे लावू नका.

सुरुवात बॅटरीपासून. ती रात्रभर चार्जरवर लावा. करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे १२ एएचच्या (अँपिअर-अवरच्या) बॅटरीला १.२ अँपिअर. चार्जर काढून दोन-तीन तासांनी मोजा. १२.६ ते १२.८ व्होल्ट यायला हवेत. १२.४ च्या खाली उतरली, किंवा सेल्फ मारताना ९.६ च्या खाली कोसळली, तर बॅटरीच संपलेली आहे आणि तिच्यावर पुढची चाचणी करण्यात अर्थ नाही.

आता इंजिन चालू करा, हेडलाइट अप्परवर ठेवा आणि मीटर बॅटरीच्याच टर्मिनलवर लावा. चार-पाच हजार आरपीएमला १४ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक आहे आणि चोर दुसरीकडे आहे, त्याच्याबद्दल शेवटी. १२.३ दिसून हळूहळू उतरत गेलं तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेलं तर आरआर जास्त देतोय आणि नवी बॅटरीही आतून उकळून मरणार. पण तेव्हाही आरआर लगेच फेकू नका. बऱ्याच जुन्या जपानी गाड्यांत आरआरला व्होल्टेज किती आहे ते दाखवणारी एक वेगळी सेन्स वायर असते, ती इग्निशन स्विचवरून फिरून येते. तो स्विच आतून गंजला की आरआरला व्होल्टेज खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं, आणि तो बिचारा वाढवत जातो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून 'बंद पडते का बघू' ही तपासणी अजून काही गॅरेजांत चालते. बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळतं. त्यात बल्ब, सीडीआय (इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक डबा), आरआर, काहीही जाऊ शकतं.

चार्जिंग होत नसेल तर तीन पिवळ्या वायरींचा कपलर शोधा. सीटखाली किंवा डाव्या साइड पॅनलच्या मागे असतो. उघडून बघा. प्लास्टिक तपकिरी पडलंय, एखादी पिन काळी झालीय, तांब्यावर हिरवट थर चढलाय? गोव्यात हे नवल नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेले महिने खारा वारा, त्यात प्रेशरच्या पाण्याने सीटखाली धुण्याची हौस. हिशेब सोपा आहे : गंजामुळे पिनेचा रोध ०.१ ओहम वाढला आणि तिथून १५ अँपिअर गेले, तर २२ वॅट उष्णता तिथेच तयार होते. ब्रेक लाइटचा बल्ब २१ वॅटचा असतो. तेवढा बल्ब कपलरच्या आत कायम पेटता ठेवल्यासारखं झालं.

असा कपलर घासून साफ करून पुन्हा जोडण्यात वेळ घालवू नका. ढिली झालेली पिन परत जळते. वायर मागे कापत जा, आतलं तांबं चकचकीत दिसेपर्यंत. काळ्या तांब्याला ना थिंबल (वायरीच्या टोकावर दाबायची धातूची टोपी) धरतं ना डाख. मग चांगल्या क्रिंपिंग प्लायरने जोड दाबा आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. तीन पिवळ्यांचा क्रम महत्त्वाचा नाही, कोणतीही कोणालाही जोडली तरी चालते. नुसता डाख दिला तर वायर जिथे ताठ होते तिथेच कंपनाने तुटते, म्हणून मी क्रिंपच्या बाजूचा.

कपलर ठीक असेल तर तो सोडवून स्टेटर मोजा. मीटर २०० व्होल्ट एसीवर ठेवा. ५००० आरपीएमला कोणत्याही दोन वायरींमध्ये बहुतेक गाड्यांत ५० ते ७० व्होल्ट मिळतात. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये. आकड्यापेक्षा तिन्ही जोड्या सारख्या येणं महत्त्वाचं. दोन जोड्या कमी आणि एक बरोबर आली तर त्या दोन जोड्यांत जी वायर सामाईक आहे ती फेज गेली. इंजिन बंद करून प्रत्येक पिवळी वायर इंजिनच्या धातूशी तपासा. कंटिन्युइटी, म्हणजे विजेला सलग वाट, अजिबात नको. वायरींमधला रोध एक ओहमच्याही आत असतो, आणि स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२-०.३ दाखवतात, म्हणून त्या आकड्यावर फार विसंबू नका. सगळं थंड इंजिनवर एकदा आणि अर्धा तास चालवून पुन्हा करा. इन्सुलेशन कित्येकदा तापल्यावरच दगा देतं. आणि साठ व्होल्ट एसी ओल्या हाताला बऱ्यापैकी झटका देतो. पायात चपला असू द्या.

स्टेटरही चांगला निघाला तर सगळे कपलर परत जोडून आरआर ते बॅटरी ही वाट बघा. इंजिन चालू, दिवे चालू, मीटर डीसीवर. एक टोक आरआरच्या लाल वायरीवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर. ०.२ पेक्षा जास्त व्होल्ट दिसले तर वायरिंग तेवढं खातंय. तसंच अर्थिंगच्या बाजूला. उपाय : आरआरपासून बॅटरीपर्यंत चार चौरस मिलिमीटरच्या दोन थेट वायरी, प्लसच्या वायरीत बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज. आणि इथेही काही सापडलं नाही तरच आरआर बदला.

इथे एक गैरसमज. 'हेडलाइट एलईडी केला, आता स्टेटरला आराम.' जुने आरआर बहुतेक शंट प्रकारचे असतात. जास्तीचा करंट ते स्टेटरलाच शॉर्ट करून जिरवतात. दिवे कमी केले तरी स्टेटर पूर्ण ताकदीने चालतच राहतो, उलट आरआर जास्त तापतो. म्हणून त्याला थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत लाल माती बसू देऊ नका. सिरीज प्रकारचा, उदाहरणार्थ शिंडेनगेनचा एसएच७७५, मागणीपुरताच करंट घेतो आणि स्टेटर थंड राहतो. फक्त ऑनलाइन नकली फार. किंमत फार कमी दिसली तर सोडून द्या.

स्टेटर काढायचाच असेल तर बहुतेक गाड्यांत डावं कव्हर उघडावं लागतं. ऑइल आधी काढा, आणि ते विहिरीच्या आसपास ओतू नका. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्यात त्या-त्या जागी खोचा. मॅग्नेट कव्हर जोरात ओढून घेतो, बोटं सांभाळा. जुनं गॅस्केट स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. सगळी कॉइल सारखी तपकिरी असेल तर घाबरू नका. दोन-तीन पोल (तार गुंडाळलेले दात) कोळशासारखे काळे असतील तर ती गेली. पंपाच्या मोटारी बांधणारे म्हापशा-मडगावात कॉइल बांधून देतात, पण २०० अंश तापमान सोसणारी तार आणि गरम ऑइलला टिकणारं इपॉक्सी वापरणार का, हे आधी विचारा. स्टेटरचे बोल्ट लॉकटाइट (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावून घट्ट करा, सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर. वायर जिथून बाहेर पडते त्या रबराला सिलिकॉन सीलंट लावा, नाहीतर तिथूनच ऑइल पाझरतं.

राहिला चोर, म्हणजे गाडी बंद असताना बॅटरी खाणारं सर्किट. चावी बंद, निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि मीटर आधी १० अँपिअरच्या रेंजवर त्या जागी मध्ये जोडा, करंट कमी दिसला की मिलिअँपिअरवर आणा. जुन्या गाडीत एक-दोन मिलिअँपिअर ठीक. जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्ममुळे २० दिसले तर दिवसाला जवळजवळ अर्धा एएच जातो; १२ एएचची बॅटरी पंचवीस दिवसांत रिकामी, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा. आठवड्यातून पाच मिनिटं आयडलवर चालवून ती भरत नाही, सेल्फने घेतलेलंही जेमतेम परत येतं. एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल ते सर्किट. कुठलाच फ्यूज काढून पडला नाही तर आरआरचा कपलर काढून बघा. आतला डायोड गळत असेल तर बॅटरी तिथूनच उलटी रिकामी होते.