चाकं आणि मडगार्डच्या आतली बाजू : चारपैकी तीन झाली

पहिला रविवार, पुढचं डावं

कारचं चाक काढून आडवं ठेवलं आणि त्याची आतली बाजू पहिल्यांदा नीट पाहिली. बाहेरून हेच चाक मी चार वर्षं दर पंधरा दिवसांनी धुतेय. स्पोकमध्ये बोटं घालून, नटांच्या खाचांतून छोटा ब्रश फिरवून सगळं केलं होतं. आत मात्र काळपट तपकिरी थर बसलेला. नखाने खरवडला तरी जाईना, हात फिरवला की बारीक वाळूच्या कागदासारखा लागत होता. तेव्हाच ठरवलं की एका रविवारी एकच चाक घ्यायचं. चारही एका दिवसात करायला गेलं की तिसऱ्या चाकापासून हात घाई करतात.

आधी उचलण्याबद्दल, कारण यात चूक परवडत नाही. सपाट, पक्की जमीन, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, तिरप्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावला आणि उचलल्यावर लगेच स्टॅण्ड दिला. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. शिवाय स्टेपनी काढून दाराच्या खालच्या पट्टीखाली आडवी सरकवून ठेवली. एवढं झाल्याशिवाय मडगार्डखाली डोकं घालायचं नाही, हा नियम मी मोडत नाही.

नट काढले तरी चाक हलेना. अलॉयचं (मिश्रधातूच्या चाकाचं) मधलं भोक हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) गोल कडेवर घट्ट बसतं आणि तिथे गंज धरला की दोघं एकमेकांना सोडत नाहीत. दोन नट चार-पाच आटे परत चढवले, म्हणजे चाक सुटलं तरी अंगावर येणार नाही, आणि टायरला एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून तळव्याने ढकलत राहिले. सुटलं. हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला, कारण या पृष्ठभागावर चाक सपाट टेकलं नाही तर पुढे नट घट्ट राहण्याची खात्री नाही.

आता धुणं. क्रम ठरलेला ठेवला: आधी भरपूर पाणी, मग शॅम्पू, मग लोखंड विरघळवणारं आयर्न रिमूव्हर, मग डांबर काढणारं, शेवटी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारा मातीसारखा गोळा. आयर्न रिमूव्हर थेट चिखलावर मारलं तर ते चिखलातच मुरतं आणि खाली धातूपर्यंत पोहोचत नाही. ब्रेक लावताना डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) आणि तिला दाबणारे पॅड दोन्ही झिजतात आणि लोखंडाचे तापलेले कण उडून चाकाच्या लॅकरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, जाऊन रुततात. पुढे ओलावा मिळाला की तिथेच गंजतात. साबण त्यांना वरून गोंजारून जातो. आयर्न रिमूव्हरमध्ये बहुधा थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. ते लोखंडाशी जोडलं गेलं की जांभळा रंग उमटतो. गंधकासारखा उग्र वास येतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेतच आणि हातमोजे घालून.

चाक पूर्ण थंड आणि सावलीत होतं. फवारल्यावर दोन मिनिटांत आतल्या बाजूने जांभळे ओघळ सुरू झाले आणि ते पाहताना खरंच छाती भरून आली. चार मिनिटं थांबले, मऊ ब्रशने हलवलं, वाळायच्या आत धुतलं. दुसऱ्या फेरीत रंग फिका आला, तिसऱ्या फेरीत जवळपास नाही. घासण्याच्या जोरापेक्षा ही थांबण्याची मिनिटं जास्त काम करतात. पहिल्या फेरीत मी जोर लावत होते, तिसऱ्या फेरीत ब्रश नुसता फिरवत होते.

आम्लाचे व्हील क्लीनर मी घेत नाही. त्यांतल्या काहींमध्ये फ्लोराइडची आम्लं असतात आणि ती कातडीतून आत जाऊन खोलवर इजा करतात. तीव्र अल्कलीही उघड्या ॲल्युमिनियमवर डाग पाडते. लॅकर जिथे उडालंय तिथे तर दोन्ही टाळायलाच हवेत.

या चाकावर एक चूक झाली, ती सविस्तर सांगते. डांबराचे ठिपके बॅलन्सिंगच्या, म्हणजे चाक समतोल फिरावं म्हणून चिकटवलेल्या, वजनांच्या अगदी कडेला होते. मी तिथे द्रावक सढळ हाताने मारलं. ते वजनाच्या पट्टीखाली शिरलं, मागचा गोंद मऊ झाला आणि ब्रशच्या एका फटक्यात पट्टी सरकली. चाक परत बॅलन्स करून आणावं लागलं. आता प्रत्येक चाकावर वजनांची जागा आधी फोटोत टिपते आणि त्यांच्या आसपास द्रावक फवारत नाही, कापडाला लावून पुसते.

त्याच दिवशी दुपारी, मडगार्डच्या आत

या सगळ्या उपद्व्यापाचं खरं कारण हेच. चाक चकचकीत झालं की मन सुखावतं, पण गाडी सडते ती मडगार्डच्या घडीत.

मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराच्या, म्हणजे लायनरच्या, पुढच्या भागातल्या क्लिपा काढल्या. सपाट पट्टीने आधी मधली खिळी उचलायची, मग पूर्ण क्लिप ओढायची. मधली खिळी न उचलता ओढल्यामुळे दोन मोडल्या. लायनर बाजूला वाकवला आणि मडगार्डचा पत्रा जिथे आत दुमडतो त्या काठावर बोट घातलं. बोट पूर्ण चिखलात गेलं. वरचा थर सुकलेला, खालचा ओला. गाडी चार दिवस जागची हलली नव्हती आणि ऊन कडक होतं, तरी तो चिखल ओला होता. पानांचा भुगा आणि बारीक खडी त्यात कालवलेली. असा चिखल म्हणजे पत्र्याला बांधलेली ओली पट्टी. वरून पाणी थांबलं तरी आत गंज चालूच राहतो.

प्रेशर वॉशर इथे लगेच लावला नाही. जोराच्या धारेने चिखल निघतो तसाच आणखी आत, दाराखालच्या पोकळीतही ढकलला जातो. साध्या नळीने अर्धा तास हळूहळू भिजवत ठेवलं, मग प्लास्टिकच्या चमच्याने खरवडून काढलं, मग परत पाणी. पाऊण बादली माती निघाली. खालच्या पट्टीला पाणी निचरायची भोकं असतात. त्यांतली दोन बुजलेली होती, ती प्लास्टिकच्या बारीक काडीने मोकळी केली. भोक सुटल्यावर आतून तपकिरी पाण्याची धार आली ती थांबायला बराच वेळ लागला.

नंतर प्रेशर वॉशर घेतला, पण पसरट नोझल आणि दोन हात अंतर ठेवून. ॲक्सलच्या रबरी बूटवर (सांध्यावरच्या आवरणावर), एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरच्या जोडावर, ब्रेकच्या नळीवर आणि टायरच्या बाजूवर जवळून धार मारायची नाही. बूटच्या कडेतून पाणी शिरलं की आतलं ग्रीस खराब होतं आणि ते महिनोन्‌महिने कळत नाही.

सस्पेंशनच्या एका ब्रॅकेटवर वरवरचा गंज सापडला. तारेचा ब्रश, मग टॅनिक आम्लाचं गंजरोधक. ते गंजाशी जुळून काळा, टिकाऊ थर धरतं. सुकल्यावर काळा रंग. घडीच्या काठात पोकळीत मारायचं मेण फवारलं, मात्र आधी डिस्क आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) प्लास्टिकच्या पिशवीने बांधून घेतले. ब्रेकवर मेणाचा थेंबही नको.

दुसरा रविवार, पुढचं उजवं

तीन तासांत झालं. गेल्या वेळी साडेपाच लागले होते. चिखल निम्मा होता, गंज नव्हता. पण अलॉयवर व्हॉल्व्हजवळ लॅकरखाली पांढऱ्या रेघा दिसल्या, अळी सरकल्यासारख्या. लॅकरला चीर पडून ओलावा आणि मीठ आत गेलं की ॲल्युमिनियम असं खायला लागतं. ते धुण्याने जात नाही. लॅकर काढून परत रंगवल्याशिवाय उपाय नाही, आणि ते या फेरीत नाही. नुसतं स्वच्छ करून कडेवर सीलंट (संरक्षक थर) लावलं.

टायरकडे या वेळी जास्त लक्ष दिलं. बाजूचा तपकिरी रंग मी वर्षानुवर्षं मळ समजत होते. रबरमध्ये ओझोनपासून वाचवणारी रसायनं मिसळलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि तिथे तपकिरी पडतात. म्हणजे टायर आपलं काम करतोय. त्यावर जुन्या चकचकीत ड्रेसिंगचे (टायर चमकवणाऱ्या द्रावणाचे) थर चढले की तो रंग घट्ट बसतो. टायर क्लीनर आणि ताठ ब्रशने घासलं, पहिला फेस कॉफीच्या रंगाचा, तिसरा जवळपास पांढरा. पांढऱ्या फेसाआधी ड्रेसिंग लावलं तर ते मळावरच बसतं आणि पहिल्या फेरीत उडून दारावर ठिपके पाडतं. पाण्यात विरघळणारं ड्रेसिंग स्पंजने पातळ लावलं आणि उरलेलं पुसून घेतलं. जमिनीला टेकणाऱ्या भागावर मुळीच नाही.

तिसरा रविवार, मागचं डावं

मागे ड्रम ब्रेक (बंद डब्यातले ब्रेक) आहेत. ब्रेकचा मोठा भार पुढची चाकं घेतात आणि ड्रममध्ये भुकटी आतच राहते, त्यामुळे आयर्न रिमूव्हरची एक फेरी पुरली. मागचा लायनर नमद्यासारख्या कापडी पदार्थाचा आहे. त्याला कुठलंही चमक आणणारं द्रावण लावायचं नाही, ते धूळ धरून ठेवतं. साधं पाणी, मऊ ब्रश आणि पूर्ण सुकवणं. सुकायला दुसरा दिवस उजाडला.

चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सिरॅमिक कोटिंग (कडक संरक्षक लेप) दिलं, आतल्या बाजूला दोन हात, बाहेर एक. चाक लावून गाडी २४ तास हलवली नाही, पाणीही लागू दिलं नाही.

बसवताना नट आधी हाताने पूर्ण चढवले, मग एक सोडून एक असे आवळले, गाडी खाली आल्यावर टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना. माझ्या पुस्तिकेत १०० न्यूटन-मीटर आहे. तुमचा आकडा तुमच्याच पुस्तिकेतून घ्या. आट्यांना तेल लावलं नाही, कारण तेलामुळे तेवढ्याच टॉर्कला स्टडवर (नट ज्यावर चढतो त्या बोल्टवर) ताण जास्त येतो. ८० किलोमीटर चालवून परत तपासलं. एक नट थोडा फिरला.

आणखी एक. सगळं धुऊन झाल्यावर डिस्कवर तासाभरात नारिंगी गंज दिसतो. तो वरवरचा असतो. पण ओल्या ब्रेकने गाडी तशीच लावून ठेवू नका. हळू चालवत सात-आठ वेळा ब्रेक लावून सुकवा, मगच उभी करा.

आज

पहिल्या चाकाला तीन आठवडे झाले. त्यावर कोटिंग नव्हतं, नुसतं सीलंट होतं. आज फक्त शॅम्पूचं पाणी आणि मऊ ब्रश आत फिरवला, ब्रश राखाडी होऊन बाहेर आला आणि खाली चाक लख्ख. मडगार्डच्या काठावर बोट फिरवलं. कोरडं होतं.

मागचं उजवं उरलंय. त्या बाजूच्या लायनरमागून इंधन भरायची नळी जाते, म्हणून लायनर पूर्ण काढूनच काम करायचं ठरवलंय. क्लिपा या वेळी आधीच जास्तीच्या आणून ठेवल्यात.