गुंड्याची दाढ आणि सात दिवसांचा रिपोर्ट

आधीच सांगते, हे मी रागातच लिहितेय. दाढ निघाली, गुंड्या मजेत आहे, आत्ता पायाशी घोरतोय, पण "मॅम, रिपोर्ट सात दिवसच व्हॅलिड असतो" हे वाक्य अजून कानातून जात नाही.

गुंड्या म्हणजे आमचा आठ वर्षांचा गावठी, नाशिकच्या सातपूरला कंपनीच्या गेटवर सापडलेला. गटारीला आप्पांनी (माझे सासरे) त्याला मटणाची नळी दिली, दर वर्षी देतात, आणि आठ-नऊ दिवसांनी त्याच्या उजव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज. आम्हाला वाटलं गांधीलमाशी चावली. जवळच्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं, त्यांनी डोळ्यात टाकायचे ड्रॉप्स दिले, एक इंजेक्शन दिलं, पाच दिवसांत सूज उतरली आणि सहाव्या दिवशी परत आली. इथे पहिली गोष्ट लक्षात ठेवा, कुत्र्याच्या डोळ्याखाली सूज आली तर आधी त्याचा ओठ वर करून दाढा बघा. वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ असते ना, तिची मुळं बरोबर डोळ्याच्या खाली जातात, तिथे पू झाला की सूज गालावर दिसते आणि सगळे डोळ्याच्या मागे लागतात. आम्ही ओठ उचलला तर दाढेचा अख्खा एक कपचा उडालेला. नंतर कळलं की ती आधीपासून चिरलेली असू शकते, पण घरात खापर नळीवरच फुटलं, आणि आप्पा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

मग सुरू झाली शोधाशोध. नाशकात माणसांच्या दातांसाठी अख्खं डेंटल कॉलेज आहे, पंचवटीत, तिथे विद्यार्थी कमी पैशात दात बघतात, माझी स्वतःची एक दाढ तिथेच भरलीय. कुत्र्यांसाठी तसं काही नाही. सरकारी दवाखान्यात गेले, केसपेपरला किरकोळ पैसे, डॉक्टर खरंच चांगले होते, त्यांनी अँटिबायोटिक चालू केलं आणि सरळ सांगितलं की बाई, हे पूर्ण भूल देऊन करायचं काम आहे, आमच्याकडे त्याची सोय नाही, मुंबईला परळला न्या. परळला व्हेटर्नरी कॉलेजचं हॉस्पिटल आहे ते खरं, पण इथून एकशे साठ-सत्तर किलोमीटर, ट्रेनमध्ये कुत्रा घेऊन बसता येत नाही, एकतर फर्स्ट क्लासचं अख्खं कूपे घ्या नाहीतर त्याला ब्रेकव्हॅनमध्ये टाका, आणि गाडीवाल्याने जाऊन-येऊन सहा हजार सांगितले. परळ रद्द.

तर मग गेले एका मोठ्या क्लिनिकला. नाव घेत नाही. एसी, काचेचं दार, भिंतीवर पग आणि गोल्डन रिट्रीव्हरचे फोटो, गावठी एकही नाही. तिथे गुंड्याला "बेबी" म्हणतात आणि मला "पेट पेरेंट". एस्टिमेट आलं एकवीस हजार पाचशे. त्यात स्केलिंग, पॉलिशिंग, एक्सरे, भूल, दाढ काढणं, वॉर्ड चार्ज सगळं एकत्र. म्हणलं पॉलिशिंग कशाला, त्याला काय लग्नात मिरवायचंय? तर म्हणे पॅकेज आहे मॅम. तरी मी हो म्हणाले, कारण पोरगं जेवत नव्हतं, एका बाजूने चावायचं आणि अर्धं खाली सांडायचं, आणि ते बघवत नव्हतं.

दाताचं ऑपरेशन तिथले डॉक्टर करत नाहीत, मुंबईहून सर्जन येतात, महिन्यातून दोन गुरुवारी. त्याआधी रक्त तपासायचं, किडनी, लिव्हर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सगळ्याचे बावीसशे. भूल द्यायची तर हे लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मंगळवारी रक्त दिलं. रिपोर्ट छान. बुधवारी रात्री आठनंतर खाणं बंद, गुरुवारी पहाटेपासून तो उपाशी, मी रजा टाकलेली, दोन रिक्षावाल्यांनी कुत्रा बघून नाही म्हणलं, तिसऱ्याने शंभर जास्त घेऊन नेलं, कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते खोदलेत ते वेगळंच. पोचलो तर काउंटरवरची मुलगी म्हणते, सर घाटात अडकलेत, आज होणार नाही. कसारा घाट, पाऊस, समजू शकते मी. पण सकाळी सातला निघालेल्या माणसाला एक फोन करता येत नाही? "मॅम आम्ही वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं." कुठला ग्रुप? मी त्या ग्रुपमध्ये नव्हतेच.

पुढची तारीख दोन आठवड्यांनी. आणि मग ते वाक्य. "मॅम, तोपर्यंत ब्लड रिपोर्ट जुना होईल, परत करावा लागेल."

"अहो पण तारीख तुम्ही बदललीत ना?"

"हो मॅम, पण पॉलिसी आहे. सात दिवसच व्हॅलिड."

"मग परत करायचे पैसे तुम्ही द्या."

"मॅम, लॅब वेगळी आहे."

दोन आठवडे परत अँटिबायोटिक, परत पेनकिलर, डॉक्टरांनी लिहून दिलेलंच. मध्येच एकदा आप्पा अर्धी कॉम्बिफ्लाम घेऊन निघालेले, हातातून काढून घेतली. कृपा करून हे करू नका, माणसांच्या या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. पोळ्याच्या आधी परत रक्त, परत बावीसशे, त्याच्या पुढच्या पायावर रक्त काढायला केस कापलेला चौकोन आधीचाच अजून भरला नव्हता, त्याच्या शेजारी दुसरा. क्लिनिकची पायरी दिसली की तो रस्त्यातच बसायचा, बावीस किलोचा दगड.

या वेळी मी शहाणी झालेले, बुधवारी दुपारी स्वतः फोन केला. उद्या नक्की ना? नक्की मॅम. साडेसातला मेसेज आला, भुलीचं मशीन सर्व्हिसिंगला गेलंय, प्रोसिजर पुढच्या व्हिजिटला घेऊ, आणि खाली, मी खोटं सांगत नाही, हसऱ्या कुत्र्याचा स्टिकर. पुढची व्हिजिट म्हणजे परत दोन आठवडे. रिपोर्ट? परत. मी फोन केला तेव्हा मला फक्त एकच विचारायचं होतं की सर्जन महिन्यातून दोनदा येतो आणि रिपोर्ट सातच दिवस चालतो तर एक तारीख हुकली की रक्त परत द्यावं लागणार हे तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत होतं ना, मग सांगितलं का नाही. ती म्हणाली मॅम मी मॅनेजरना विचारून कॉलबॅक करते. तो कॉलबॅक अजून यायचाय. म्हणून सांगते, कुठेही हो म्हणायच्या आधी विचारा की ऑपरेशन करणारा डॉक्टर रोज तिथेच असतो का बाहेरून येतो, आणि तारीख त्यांच्यामुळे गेली तर तपासणीचे पैसे कोण भरणार. आणि एस्टिमेट फोडून मागा, दाढ काढायचे किती, भुलीचे किती, बाकीची सजावट किती.

एक शहाणपण मात्र मी केलं होतं. दुसऱ्या वेळी रिपोर्टची पीडीएफ लॅबकडून भांडून स्वतःच्या मोबाईलवर घेतली. क्लिनिकवाले म्हणत होते "आमच्या सिस्टिमला राहतो". राहू दे ना तुमच्याकडे, पण मलाही पाहिजे. त्याचा उपयोग पुढे झाला.

तोडगा निघाला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकपाशी. तिथे रोज सकाळी एक काकू भटक्या कुत्र्यांना भात घालतात. त्यांना सहज विचारलं तर त्यांनी दोन मिनिटांत तीन डॉक्टरांची कुंडली मांडली, कोण महाग, कोण उद्धट, कोण रात्री फोन उचलतो. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांचं करणारी माणसं स्वतःच्या खिशातून बिलं भरतात, त्यांना स्वस्त आणि बरा डॉक्टर कुठे आहे ते पाठ असतं. (मधल्या काळात एक ग्रूमिंगवाला मुलगाही भेटला होता, दीड हजारात घरी येऊन भूल न देता दात साफ करतो म्हणे. त्याने वरवरचं पिवळं जातं, हिरडीखालचं तसंच राहतं आणि तुटलेल्या दाढेचं तर काहीच होत नाही. पैसे वाचवा.)

सिडकोत एका गाळ्यात दवाखाना, बाहेर प्लास्टिकच्या चार खुर्च्या. डॉक्टरांनी गुंड्याला वजनकाट्यावर उभं केलं, ओठ उचलला, म्हणाले, "ताई, याला तीन मुळं असतात, अख्खी ओढली तर जबडा फुटेल, तीन तुकडे करून काढू." दातांचं वेगळं एक्सरे मशीन नव्हतं, साध्या मशीनवर डोकं तिरकं करून काढतो, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, मला ते आवडलं. मी मोबाईलवर रिपोर्ट दाखवला, मनात धाकधूक, आता हेही म्हणणार जुना झाला. ते म्हणाले, "किडनी-लिव्हर बारा दिवसांपूर्वी चांगलं आहे, तेच धरतो. फक्त सीबीसी परत करू, पावसात गोचिडांचा ताप फार असतो, प्लेटलेट कमी असले तर दाढ काढल्यावर रक्त थांबायचं नाही." साडेतीनशे रुपये. साडेतीनशे! म्हणजे ताजा रिपोर्ट मागण्यात चूक नव्हती, हे मला मान्य करावंच लागलं, पण काय परत करायचं आणि का, हे सांगायला एक मिनिट लागलं त्यांना.

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी झालं. सकाळी अकराला आत, दीडला बाहेर, डोळे अर्धवट उघडे, जीभ लोंबतेय. तुकडे बाहेर काढल्यावर परत एक्सरे काढून मूळ राहिलं नाही ना ते बघितलं त्यांनी, तुम्हीही विचारा. एकूण सात हजार आठशे, औषधं धरून. जाताना जुनी चादर न्या, तो भुलीत सू करतो. दहा-बारा दिवस मऊ खाणं, आम्ही गुरगुट्या भात आणि कांदा-लसूण न घातलेलं चिकनचं पाणी दिलं. टाके आपोआप विरघळणारे होते. आता रोज रात्री मऊ ब्रश आणि कुत्र्यांचीच पेस्ट, आपली नाही, ती ते गिळतात आणि त्यात फ्लोराइड असतं, काहींत झायलिटॉल असतं जे त्यांना विषच. चाळीसवर दात घासायचे म्हणजे वैताग आहे, मी फक्त बाहेरची बाजू घासते.

टाके दाखवायला आप्पा स्वतः आले आणि डॉक्टरांना विचारलं, नळी कायमची बंद का? डॉक्टर म्हणाले, ज्याच्यावर नखाने दाबून खूण उठत नाही ते काहीच द्यायचं नाही, पण आतला गर चमचाभर चालेल. दसरा झाल्यावरच्या रविवारी गटारीनंतरचं पहिलं मटण झालं. आप्पा ताटावर नळी ठोकत बसले, गर निघाला तेवढा त्याच्या भातात टाकला, आणि रिकामी नळी स्वतः उठून खालच्या कचरागाडीत टाकून आले, कारण गुंड्या डस्टबिनसमोर मांडी घालून बसला होता.