सहा साईटी, एक होस्टिंग आणि आंब्याचा सीझन

मी रत्नागिरीत वेबसाईटची कामं करतो. बोर्डावर सोल्युशन्स वगैरे लिहिलंय, पण सोल्युशन्स म्हणजे मी आणि एक लॅपटॉप. गिऱ्हाईकं सगळी आजूबाजूचीच, लॉजवाले, क्लासवाले आणि अर्थात आंबेवाले.

१८ एप्रिल २०२३, मंगळवार. तारीख पक्की लक्षात आहे कारण त्या शनिवारी अक्षय तृतीया होती, आणि आंबेवाल्याचा त्याआधीचा आठवडा कसा असतो ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. सकाळी साडेसहाला काकांचा फोन. काका म्हणजे माझे नात्याने कोणी नाहीत, वडिलांचे मित्र, पण घरचेच.

"अरे, आपल्या साईटवर चिनी अक्षरं येतायत म्हणे. ठाण्याच्या गिऱ्हाईकाने फोटो पाठवलाय. काय रे हे?"

मी अंथरुणातच मोबाईलवर साईट उघडली, व्यवस्थित होती. पेटीचा भाव, फोटो, फोन नंबर, सगळं जागच्या जागी. म्हटलं काका, काही नाहीये, त्यांचा फोन बिघडला असेल. आणि फोन ठेवल्या ठेवल्या पोटात गोळा आला, कारण हे लक्षण मला माहिती होतं. गुगलमध्ये साईट, कोलन आणि पुढे काकांचं डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, टाकून बघितलं तर खाली रांगच रांग, जपानी अक्षरात पर्सा, घड्याळं, बूट. आमची साईट मोजून चौदा पानांची आणि गुगलला तिथे हजारो पानं दिसतायत.

हा प्रकार जुना आहे, नावच पडलंय त्याला जपानी कीवर्ड हॅक. गंमत अशी की मालकाने स्वतः उघडलं तर साईट ठीक दिसते, गुगलचा बॉट, म्हणजे साईटी वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्रॅम, आला की त्याला वेगळंच पान वाढलं जातं. त्यामुळे मालकाला महिनोन्महिने पत्ताच नसतो. काकांना परत फोन करून म्हटलं, काका ते चिनी नाहीये, जपानी आहे. तर म्हणाले, "तुला वाचता येतं?" मग म्हणाले, "ये इकडे, येताना नाश्ता करू नको, घावणे केलेत."

तर आता मुळात सहा साईटी कशा झाल्या ते सांगतो, कारण खरा घोळ तिथे आहे.

पहिली साईट मीच केलेली, हापूसची. ती चालायला लागली तसं काकांच्या धाकट्या मुलाने होमस्टे काढला, त्याची दुसरी. मग कोकम आगळ, आमसूल, आंबापोळी, फणसपोळी, त्याची तिसरी, कारण हा माल बाराही महिने विकतो आणि आंबा तीनच महिने. इथपर्यंत ठीक होतं. मग काकांचा पुतण्या, जो तेव्हा पुण्यात होता, त्याला कुणीतरी एसइओवाल्याने, म्हणजे गुगलमध्ये साईट वर आणून देतो म्हणणाऱ्याने, डोक्यात भरवलं की शहराच्या नावाचं डोमेन घेतलं की त्या शहरात पहिला नंबर. म्हणून पुण्याच्या नावाची चौथी, आत मजकूर शब्दन् शब्द हापूसच्या साईटचा, फक्त पुणे घुसडलेलं. पाचवी परिसरातल्या पर्यटनाची, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, सहा-सात लेख लिहिले आणि उत्साह संपला. आणि सहावं ते डॉट भारत डोमेन, देवनागरीत नाव. ते मला फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ब्राउझरमधून कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलं की ते एक्सएन, दोन डॅश आणि पुढे काहीतरी अगम्य असं उमटायचं. काकांनी एकदा ते एका व्यापाऱ्याला पाठवलं तर त्याने व्हायरस समजून डिलीट केलं.

आणि या सहाही साईटी एकाच होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच्या एकाच जागेत. एकच सीपॅनल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पॅनल, त्यात ॲडऑन डोमेन म्हणून एकेक जोडत गेलेलो. हे मी केलं. पैसे वाचतात म्हणून मीच सुचवलेलं, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाचा नाही. एका खात्यात सहा साईटी म्हणजे एका घराच्या सहा खोल्या, बाहेरून सहा दरवाजे दिसतात पण आत मधल्या भिंतीच नाहीत. एका साईटमधून पीएचपीची, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची, फाईल आत शिरली की ती शेजारच्या पाचही फोल्डरमध्ये लिहू शकते, कारण सर्व्हरच्या दृष्टीने मालक एकच.

तर घावणे खाऊन काकांच्या ओटीवर लॅपटॉप उघडला. शेजारी पेट्या भरायचं काम जोरात, पेंढा, आंबा, पेंढा, आणि काका एकीकडे डझन मोजतायत, एकीकडे मला विचारतायत झालं का. शिरकाव कुठून झाला ते शोधायला तासभर गेला. पर्यटनाच्या साईटवर वर फिरते फोटो दाखवायला एक स्लायडर प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकलेलं होतं, दोन वर्षांत एकदाही अपडेट नाही, आणि साईट ज्यावर चालते ते वर्डप्रेसही जुनंच. आणि अपलोड्सच्या फोल्डरमध्ये, २०१९ च्या जुलैच्या कप्प्यात, कातळावरच्या रानफुलांच्या फोटोंच्या मधोमध एक पीएचपी फाईल बसलेली. फोटोंच्या फोल्डरमध्ये पीएचपीचं काय काम? नाव पण असं साळसूद की नजर सरकून जावी, आणि तारीखसुद्धा आजूबाजूच्या फोटोंसारखीच करून ठेवलेली. तिची भावंडं मग बाकीच्या पाचही साईटींत मिळाली.

पण माझ्या अंगावर काटा आला तो सर्च कन्सोल, म्हणजे साईट गुगलला कशी दिसते ते मालकाला दाखवणारी गुगलची सोय, उघडल्यावर. तिथे मालकांच्या यादीत मी, काकांचा मुलगा आणि एक तिसराच जीमेल आयडी, नुसती अक्षरं आणि आकडे. म्हणजे त्या माणसाने आमच्या सर्व्हरवर स्वतःची व्हेरिफिकेशनची फाईल टाकून गुगलला सांगितलं होतं की या साईटचा मालक मी, आणि स्वतःचा साइटमॅप, म्हणजे गुगलला द्यायची पानांची यादी, पण भरला होता. नुसतं नाव काढून भागत नाही, सर्व्हरवरची ती फाईल पण उडवावी लागते, नाहीतर तो परत मालक होऊ शकतो. काकांना हे सांगितलं तर ते पहिल्यांदाच पेटीवरून उठले. "म्हणजे सातबारावर नाव चढवलं त्याने?" म्हटलं, तसंच समजा.

होस्टिंगवाल्यांकडे बॅकअप मागितला तर तो फक्त आदल्या दिवसाचा, म्हणजे घाणीचाच बॅकअप. नशीब फेब्रुवारीतला एक माझ्या हार्ड डिस्कवर होता. दुपारी लाईट गेली, काकांच्या इन्व्हर्टरवर राऊटर चालू ठेवला. सगळे पासवर्ड बदलले, हापूसची साईट तेवढी नव्या वेगळ्या होस्टिंग खात्यावर नवीन वर्डप्रेस टाकून उभी केली, जुन्यातला फक्त मजकूर आणि एकेक बघून फोटो घेतले, भाव परत टाईप केले. जपानी पत्त्यांना ४१०, म्हणजे गेलं ते कायमचं, असं उत्तर द्यायची सोय केली. ती पानं गुगलमधून पुसली जायला पुढे कित्येक आठवडे लागले, पण चार वाजेपर्यंत ऑर्डर घेता यायला लागल्या होत्या.

राहिल्या पाच. हार्ड डिस्क हातात घेऊन मी म्हटलं, आता याही एकेक करून उभ्या करतो. तर काका म्हणाले थांब.

ते म्हणाले, "सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवला मी पलीकडच्या गावात तीन बागा कराराने घेतल्या होत्या. झाडं चांगली, भाव चांगला. पण राखणीला गुरखा एकच. तो या बागेत असला की माकडं त्या बागेत. फवारणी एकीकडे झाली की दुसरीकडे तुडतुडा. त्या साली माझी घरची बाग पण गेली, कारण मी तिकडे धावत होतो. बागा किती घ्यायच्या ते झाडं बघून ठरवायचं नसतं रे, गडी किती आहेत ते बघून ठरवायचं. या सहा साईटी तुझ्याशिवाय कोण बघतं?"

कोणीच नाही. मी सुद्धा नाही, हे मी मनात म्हटलं, मोठ्याने नाही.

मग ओटीवरच बैठक बसली. पुतण्या फोनवर. त्याचं म्हणणं, जास्त साईटी म्हणजे जास्त जाळी, कुठल्या ना कुठल्या जाळ्यात मासा येईल. मी त्याला सर्च कन्सोलच उघडून दाखवला असता पण तो फोनवर, म्हणून वाचून दाखवलं. पुण्याच्या साईटची बहुतेक पानं गुगलने डुप्लिकेट म्हणून बाजूला टाकलेली, त्याच्या मते खरं पान हापूसच्या मूळ साईटवरचं. एकच मजकूर दोन ठिकाणी असला की तो एकच निवडतो, दोन्ही दाखवत नाही. आणि डोमेनमध्येच कीवर्ड असण्याचा जो फुकटचा फायदा होता तो गुगलने २०१२ मध्येच बराचसा काढून घेतलाय. वर शहराशहराच्या नावाने डोमेनं घेऊन सगळ्यांना एकाच दुकानात आणायचं, याला ते डोअरवे म्हणतात आणि ते त्यांच्या स्पॅमच्या नियमांत नावानिशी आहे. पुतण्या म्हणाला, पण सगळेच करतात. काका म्हणाले, सगळ्यांचं बागायतदार संघाच्या मीटिंगला बोलू, आपलं सांग. मग त्यांनी ऑर्डरची वही काढली. ते प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला कुठून कळलं ते विचारून लिहितात, ही सवय माझ्या सगळ्या ॲनालिटिक्सपेक्षा भारी आहे. बहुतेक ठिकाणी जुन्या गिऱ्हाईकाची ओळख, मग व्हॉट्सॲप, मग साईट, आणि साईट म्हणजे तीच पहिली.

मी म्हटलं तर मग सगळं एकाच साईटवर आणतो. कोकम आणि पोळ्या एक विभाग, होमस्टे एक विभाग, पर्यटनाचे लेख होमस्टेच्या खाली.

इथे वहिनींनी, म्हणजे धाकट्या मुलाच्या बायकोने, मध्येच चहा खाली ठेवला. होमस्टे त्याच बघतात, बुकिंगपासून सोलकढीपर्यंत. म्हणाल्या, "आमची वेगळीच राहू दे. माझी माणसं खोलीचे फोटो बघायला येतात, त्यांना आधी पेटीचा भाव कशाला? आणि दुसरं म्हणजे..." असं म्हणून थांबल्या. दुसरं काय ते ओटीवरच्या सगळ्यांना कळलं. होमस्टेचं कर्ज धाकट्याच्या नावावर, बाग काकांच्या, उद्या वाटणी होईल तेव्हा एकाच डोमेनचे दोन तुकडे कसे करणार? मी पंधरा वर्षं या धंद्यात आहे, सबडोमेन का सबफोल्डर यावर तासन् तास बोलू शकतो, पण वाटणीचा मुद्दा मला सुचला नव्हता.

आणि मला माझंच एक जुनं पाप पण आठवलं. एका हार्डवेअरवाल्याला मी एकच साईट पुरते म्हणून मुलीचा भरतनाट्यमचा क्लास त्याच साईटवर घ्यायला लावला होता. वर प्लायवूडच्या जाड्या, खाली अरंगेत्रमचे फोटो. पालक फोन करून बिजागऱ्यांचा दर नाही विचारायचे एवढंच. तर वहिनींचं बरोबर होतं. गिऱ्हाईक वेगळं, हिशोब वेगळा आणि मुख्य म्हणजे राखायला माणूस वेगळा, मग साईट वेगळी.

शेवटी दोन ठेवल्या. हापूसची, तिच्यातच कोकम-पोळ्या, आणि होमस्टेची, तिच्या पोटात पर्यटनाचे ते सहा-सात लेख, प्लगिनशिवाय. दोन्ही वेगवेगळ्या होस्टिंग खात्यांवर. होमस्टेचा पासवर्ड वहिनींकडे, महिन्यातून एकदा अपडेट त्याच दाबतात, मी शिकवलं, वीस मिनिटं लागली. डॉट भारत सोडून दिलं, जीव थोडा हळहळला. कोकमच्या साईटचं एकेक पान नव्या जागच्या त्याच पानाकडे ३०१ ने, म्हणजे पत्ता कायमचा बदललाय असं सांगून, वळवलं, सरसकट सगळं होमपेजकडे नाही, कारण तसं केलं तर गुगल ते पान मेलंच समजतो.

पुण्याची साईट बंद करून डोमेन पण सोडून देऊ असं मी म्हणत होतो. काकांनी नुसतं बोट दाखवलं. पडवीत थप्पी लावलेले कोरे खोके, पुतण्याने मागच्या वर्षी छापून आणलेले, दोन हजार, आणि प्रत्येकावर ठसठशीत पुण्याच्या साईटचा पत्ता आणि क्यूआर कोड. नाव सोडलं आणि ते उद्या कुणी जुगारवाल्याने घेतलं तर? लोकांच्या घरी आमच्या खोक्यावर त्याचा पत्ता. मग ते डोमेन ठेवलं, साईट नाही, फक्त रिडायरेक्ट.

खोके अजून संपलेले नाहीत. दर जूनमध्ये डोमेनचं रिन्यूअल आलं की मी काकांना फोन करतो, ते पडवीत जाऊन मोजून येतात आणि म्हणतात, "अजून चारशे आहेत, भर एक वर्षाचे."

यंदा माझ्या घरी पेटी आली ती त्यातल्याच खोक्यातून. पत्त्यावर आंब्याचा डाग पडला होता, क्यूआर कोड उगाच स्कॅन करून बघितला. बरोबर हापूसच्या साईटवर गेला.