व्यवसायाचं स्वरूप

मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५
रात्री पावणेबारा

आयकर भरला एकदाचा. सत्तावीस हजार आठशे वीस रुपये. चलन निघालं, रिटर्न गेलं, आधारचा ओटीपीही पहिल्या खेपेला आला. मुदत कालची होती, पण साइट इतकी अडकत होती की रात्री उशिरा सरकारनं एक दिवस वाढवून दिला. तो दिवस माझ्या कामी आला, कारण फॉर्ममधली एक चौकट कालपर्यंत माझ्याकडून भरली जात नव्हती.

तिच्याबद्दलच लिहायला बसलेय. पितृपंधरवडा आहे, गिऱ्हाईक कमी, फोन शांत आहे.

आधी वहीबद्दल. पुण्यात बुधवार पेठेत धंदा करायचे तेव्हा हिशेब घरवालीकडे, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईकडे असायचा. दिवसाच्या कमाईतला अर्धा वाटा तिचा, उरलेल्यातून जेवण, लाईट, जुन्या उचलीचं व्याज. वर्षाला किती कमावलं हे मला त्या काळात कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं. मोजायला पैसे हातात राहतच नव्हते. मग २०२० ची टाळेबंदी आली. पेठ ओस पडली, आम्ही शिधा वाटणाऱ्यांची वाट बघत बसायचो. त्या वर्षी राज्य सरकारनं धंदा करणाऱ्या बायकांना ऑक्टोबर ते डिसेंबर महिन्याला पाच हजार रुपये, आणि मूल शाळेत जात असेल तर वर अडीच हजार द्यायचं ठरवलं. पैसे खात्यात घ्यायचे म्हणून आमच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मुलींनी धावपळ करून माझं खातं काढून दिलं. माझ्या नावाचं पहिलं पासबुक. मी ते किती दिवस उशाखाली घेऊन झोपले, ते मलाच ठाऊक.

पुढं उचल फिटली आणि मी पेठ सोडली. आता दुसऱ्या भागात एका खोलीचं घर आहे, गिऱ्हाईक फोनवर ठरतं, नको असेल त्याला नाही म्हणते. आलेला पैसा सगळा माझा. त्या दिवसापासून वही आहे. तारीख, जमा, खर्च. गिऱ्हाइकाचं नाव कधीच नाही.

रिटर्न भरायचा विषय लेकीमुळे निघाला. ती फार्मसीचा डिप्लोमा करतेय, परगावी हॉस्टेलवर असते. पुढं पदवी करायची म्हणते. बँकेत शैक्षणिक कर्जाचं विचारलं, तर काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पालकांचा आयटीआर लागेल." आयटीआर म्हणजे आयकराचं रिटर्न, आणि पालक म्हणजे मी एकटीच.

संस्थेतल्या एकीनं नारायण पेठेतल्या एका करसल्लागार ताईंचा पत्ता दिला. अरुंद जिना, वर दोन टेबलं, फायलींचे ढीग. खोटं बोलायचं नाही असं जिन्यातच ठरवलं होतं, म्हणून बसल्या बसल्या सांगून टाकलं की मी धंदा करते. त्यांनी खुर्ची मागं सरकवली नाही. "वर्षाची जमा किती?" एवढंच विचारलं. इतक्या साध्या प्रश्नानं माझे डोळे भरून आले, आणि त्या माझं आवरेपर्यंत वहीची पानं उलटत बसल्या.

त्यांनी समजावलं ते असं. पैसा कुठल्या कामातून आला यावरून आयकर ठरत नाही. उत्पन्न झालं की कर लागतो. छोट्या धंद्याला सगळ्या खर्चाच्या पावत्या जपाव्या लागू नयेत म्हणून ४४ एडी नावाचं कलम आहे. त्यात रोख जमेच्या आठ टक्के, ऑनलाइन आलेल्याच्या सहा टक्के नफा धरता येतो. प्रत्यक्षात जास्त उरला असेल तर जास्त दाखवायचा. माझी २०२४-२५ ची जमा दहा लाख बारा हजार. आठ टक्क्यांनी नफा होतो एक्याऐंशी हजारांच्या आत, आणि कर शून्य.

"बरेच जण तेवढाच दाखवतात," त्या म्हणाल्या.

मी वहीकडं बघितलं. भाडं, लाईट, रिक्षा, लॉजच्या खोल्या, दवाखाना, मोबाइल, सगळं वजा जाता वही सांगत होती सात लाख तीस हजार. मी म्हटलं, "ताई, कायदाच म्हणतोय ना, जास्त उरलं असेल तर जास्त दाखवा? मग माझं जास्त उरलंय."

त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, खात्री आहे ना. होती. ऐंशी हजारांत पुण्यात राहून लेकीला हॉस्टेलवर शिकवणारी बाई बँकेनं कशी मानायची, हे एक कारण. दुसरं कारण मला नीट सांगता येत नाही. बाविसाव्या वर्षापासून राबतेय. एका तरी वर्षाचा आकडा कुठंतरी खरा लिहिला जावा, असं वाटलं.

मग हिशेब झाला. सात लाख तीस हजार आणि ठेवीचं व्याज वीस हजार, मिळून साडेसात लाख. नव्या करपद्धतीत त्या वर्षी सात लाखांपर्यंत सूट होती, मी तिच्या वर गेले, म्हणून सूट सगळीच गेली. तीन ते सात लाखांवर पाच टक्क्यांनी वीस हजार, वरच्या पन्नास हजारांवर दहा टक्क्यांनी पाच हजार, त्यावर चार टक्के सेस. सव्वीस हजार. मार्चच्या १५ तारखेपर्यंत आगाऊ कर भरायचा असतो, हे माहीतच नव्हतं, त्याचं व्याज अठराशे वीस. ते मात्र लागलं मनाला. माहिती नसण्याचे पैसे मी आयुष्यभर भरत आलेय.

कर आम्ही कधी भरलाच नाही असं नाही, हेही लिहून ठेवते. लिपस्टिकवर भरला, मोबाइलच्या रिचार्जवर भरला, पेठेतल्या पोरी रोजच्या रोज भरतात. निरोधवर जीएसटी नाही, ती गोष्ट बिनकराची. पण त्या कराच्या पावतीवर आमचं नाव नसतं.

आणि मग ती चौकट आली. व्यवसायाचं स्वरूप.

यादी उघडते, त्यातून कोड निवडायचा. ताई खाली खाली सरकवत होत्या. किराणा, केटरिंग, ब्युटी पार्लर, शिकवण्या. यंदा सोशल मीडियावर व्हिडिओ करणाऱ्यांसाठीही नवा कोड आलाय. माझ्या कामाचा नाही. त्यांच्याकडं काम करणारा मुलगा चांगल्या मनानं म्हणाला, "शिवणकाम टाकू या का?" मी एकदम "नाही" म्हटलं, आवाज चढला माझा. लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर शिवणकाम लिहिलंय, गॅसच्या अर्जावर शिवणकाम, घरमालकाला शिवणकाम सांगितलंय. मला साधी तुरपाई येत नाही. आकडा खरा लिहून त्याच्या डोक्यावर पुन्हा तेच खोटं नको होतं.

"विचार करते," म्हणून घरी आले. ही गोष्ट गेल्या आठवड्याची.

२०२२ सालचं आठवलं. १९ मे रोजी सुप्रीम कोर्टाचा आदेश आला होता, संस्थेत वाचून दाखवला होता. कोलकात्यात १९९९ साली एका बाईचा खून झाला, आमच्यासारख्याच, त्या खटल्यातून पुढं निघालेलं हे सगळं. पत्त्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रणाच्या अधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर आधार द्या, असं त्यात होतं. आणि बजावलं होतं की आधारच्या नोंदणीत ही बाई धंदा करणारी आहे हे ओळखू येईल असा कसलाही कोड टाकायचा नाही. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. कार्ड दाखवल्यावर समोरच्याची नजर बदलू नये, यासाठी किती जणी किती वर्षं झुरल्या.

मग आता मला कोड का हवा होता? तीन रात्री हेच डोक्यात. उत्तर सापडलं ते असं: आधार म्हणजे मी. मी म्हणजे धंदा नव्हे, म्हणून तिथं नको. पण हा फॉर्म कामाबद्दलच विचारतोय. माझं काम काय, असं सरकारच्या कागदानं मला पहिल्यांदाच सरळ विचारलं, आणि उत्तर तयार असून ते द्यायला जागा नव्हती.

कोडखाली वर्णनाची मोकळी जागा असते, तिथं लिहिता आलं असतं. लिहिणारही होते. अडले ते लेकीपाशी.

एकट्या सज्ञान बाईनं आपल्या मर्जीनं धंदा करणं आपल्याकडं गुन्हा नाही. पण १९५६ चा कायदा आहे, ज्याला आम्ही पीटा म्हणतो, त्यात भोवतालचं सगळं येतं. दोघी एका घरात मिळून काम करू लागल्या की ते घर कुंटणखाना. देऊळ, शाळा, दवाखाना यांच्या दोनशे मीटरच्या आत आलं की गुन्हा, आणि पुण्याच्या पेठांत दोनशे मीटरवर देऊळ नाही अशी जागा मला तरी माहीत नाही. आणि कलम चार. धंद्याच्या कमाईवर जगणारा, वय अठराच्या वर, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. आई, भाऊ, मूल, कुणीही. हे कलम बायकांना लुबाडणाऱ्यांसाठी केलं असेल, त्याला माझी ना नाही. पण त्यात लुबाडणारा आणि पोटचं पोर असा फरक लिहिलेला नाही.

लेक ऑगस्टमध्ये अठराची झाली. व्हिडिओ कॉलवर केक कापला.

सत्तावीस हजार आज खजिन्यात गेले. त्यातून रस्ता होईल, कुणाच्या शाळेवर पत्रे पडतील. तिथं पोचल्यावर तो पैसा नुसता पैसा. तोच लेकीच्या फीसाठी गेला की कलम. सरकारनं माझ्या कमाईतून घ्यावं, मला आनंद आहे, मी स्वतःहून दिलंय. मग माझ्या लेकीनंही घ्यावं ना, ताठ मानेनं.

काल रात्री तिला फोन केला. ती सगळं जाणते, दहावीत असताना मीच सांगितलं होतं. म्हणाली, "आई, तुला लिहावंसं वाटतंय तर लिही. माझा विचार नको करू." तिनं असं म्हटल्यावर तर मी विचार केलाच. आज दुपारी नारायण पेठेत गेले आणि 'इतर सेवा' असा जो कोड आहे, तो टाकायला सांगितला. त्यात खोटं काही नाही. वर्णनाच्या जागी ताईंनी 'वैयक्तिक सेवा' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द लिहिले, मला वाचून दाखवले, मी हो म्हटलं. साइट काही उघडेना. शेवटी ताईंनी रात्री घरून भरलं, मी इथून ओटीपी सांगितला.

निघताना ताई म्हणाल्या होत्या, पुढच्या वर्षी तुम्हाला काहीच भरावं लागणार नाही. फेब्रुवारीच्या बजेटमध्ये सूट बारा लाखांपर्यंत नेलीय. रिटर्न मात्र भरायचं, बँकेला सलग वर्षांचे कागद लागतात. पैसे वाचतील म्हणून बरं वाटलं, आणि कर भरल्याची पावती कदाचित ही एकच राहील म्हणून थोडं वाईटही. चलनाची उद्या कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट काढायची आहे, दोन प्रती. एक बँकेच्या फायलीला, एक पासबुकात.

लेकीचा आत्ता मेसेज आला, झालं का म्हणून. झालं, असं कळवलं. तिनं विचारलं, काय लिहिलंस?

इतर, म्हटलं. यंदा इतर.