इओनान्थाचा लाल रंग

आमच्या पुण्यातल्या घराच्या पूर्वेकडील खिडकीत टांगलेले टिलँड्सिया इओनान्था गेल्या आठवड्यापासून लाल होऊ लागले आहे. बोटभर उंचीच्या या रोपाची रुपेरी-हिरवी पाने एरवी नजरेत भरत नाहीत. परंतु बहराची वेळ आली की मधली पाने आधी गुलाबी आणि मग कुंकवासारखी लाल होतात, आणि त्यांतून नळीसारखी जांभळी फुले वर येतात.

एअर प्लांट म्हणून विकली जाणारी ही रोपे अननसाच्या कुळातली, मूळची अमेरिका खंडांतली. त्यांची मुळे फांदी किंवा खडक धरून ठेवण्यापुरतीच असतात. पाणी आणि क्षार पानांवरच्या सूक्ष्म खवल्यांतून शोषले जातात. घरी येणारे पुष्कळजण त्यांना बांडगूळ म्हणतात, ते मला मनापासून खटकते, कारण बांडगूळ झाडाचा रस शोषते, तर ही रोपे आपल्या सह्याद्रीतल्या ‘सीतेची वेणी’ या ऑर्किडप्रमाणे झाडाचा केवळ आधार घेतात.

माझे पहिले रोप मी त्याच्या गडद निळ्या रंगावर भाळून घेतले होते. तो रंग फवारलेला निघाला. त्याखाली खवले बुजून गेले होते आणि काही महिन्यांतच ते रोप वाळले. तेव्हापासून रंगवलेले रोप मी घेत नाही. या रोपांना खरा रंग चढतो तो बहराच्या सुमारास, आणि त्यासाठी भरपूर पण सौम्य उजेड लागतो.

पाणी मी सकाळीच देते. ही रोपे रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, त्यामुळे पाने रात्री ओली राहिली तर त्यांचा श्वासच कोंडतो. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे बुडवून, उलटी धरून हलकेच झटकून, ती चार तासांत पूर्ण सुकतील अशी पंख्याखाली ठेवते. पावसाळ्यात मात्र हात आखडताच घ्यावा लागतो, कारण गाभ्यात पाणी साचले की रोप आतून कुजते आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

मांडणीसाठी आंब्याची वाळकी फांदी आणि तंगूस पुरेसे होतात. तांब्याची तार कितीही शोभिवंत दिसली तरी ती बांधू नये, तांबे या रोपांना विषासारखे असते.

प्रत्येक रोप एकदाच फुलते आणि मग पायथ्याशी पिल्ले देऊन हळूहळू संपते. आज लाल होत असलेले रोप असेच एक पिल्लू होते. त्याला येणारी पिल्ले या वेळी मी वेगळी करणार नाही. त्यांचा एकत्र गुच्छ व्हावा, अशी माझी इच्छा आहे.